कीथच्या हट्टाचा पुढचा तुकडा

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि टूलारा ऑर्किड सोसायटीच्या कर्त्यासवरत्या आयल्सा मॅकिनन, वेळात वेळ काढून व्यासपीठावर बसलेले आपले नगरसेवक ब्रूस गेल, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो आहोत त्या आपल्या ज्येष्ठ सदस्या श्रीमती नोएला हॅचर्ड, समोर बसलेले आणि मागे सॉसेज रोलच्या टेबलाजवळ उगाचच उभे राहिलेले माझे सर्व बंधुभगिनी,

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. माझा गोंधळ झालेला आहे. आयल्साने मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं की नोएला हॅचर्ड यांचा सत्कार करायचाय, क्लॅरी, तू बोल. मी घरी जाऊन चांगलं सत्काराचं भाषण लिहिलं. ‘त्यांचं मार्गदर्शन आम्हाला यापुढेही लाभत राहो’ असा शेवट होता. शेवट मला फार आवडला होता. गुरुवारी मी गोगलगायी मारायचं औषध आणायला दुकानात गेलो, तर गल्ल्यावरची बाई म्हणते, “नोएला होबार्टला चालली ना लेकीकडे? कायमची?” मी म्हटलं, “छे, आम्ही सत्कार करतोय.” ती म्हणाली, “हो, जायच्या आधी करतातच.”

आता हा माझ्यामागचा फलक बघा. त्यावर ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलंय, कारण तो गेल्या वर्षीचा आहे. मग मी नक्की काय करायचं? अभिनंदन करू, की निरोप देऊ? होबार्टसारख्या थंड गावी कॅटलिया ऑर्किडचं झाड एक हिवाळा काढत नाही, तिथे निघालेल्या कॅटलियावाल्या बाईचं अभिनंदन कशाबद्दल करायचं? नगरसेवक साहेब, तुम्ही राजकारणात आहात, दोन्ही एकदम कसं करतात ते तुम्हाला ठाऊक असेल. मला जमत नाही. मी साखर कारखान्याची उसाची गाडी चालवायचो, ती रुळावरून एकाच दिशेने जायची.

तरी जे ठरवून आणलंय ते बोलतो. श्रीमती हॅचर्ड यांनी या सोसायटीसाठी काय केलं नाही? नवख्यांचं टेबल त्यांनी सुरू केलं. प्रदर्शनाच्या सकाळी दुधात भिजवलेल्या फडक्याने पानं कशी पुसायची, हे आपल्या सगळ्यांना त्यांनी शिकवलं. नव्या सदस्याने “माझं झाड का मरतंय?” असं विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, “पाणी कमी घाल आणि त्याच्याशी कमी बोल.” बक्षीस न मिळालेल्या माणसाजवळ जाऊन त्या हमखास म्हणायच्या, “परीक्षकाला चष्मा लागलाय.” बक्षीस मिळालेल्यालाही हेच म्हणायच्या, हे मला नंतर कळलं.

आणि ‘कीथचा हट्ट’ त्यांनी सांभाळला. नगरसेवक साहेबांसाठी सांगतो, बाकीच्यांना पाठ आहे. त्यांचे यजमान कीथ, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, यांनी दोन कॅटलियांचा संकर केला. रोपं कुजली, गोगलगायींनी खाल्ली, शेवटी एकच जगलं. सात वर्षं त्याला फूल येईना. सगळे म्हणाले, फेकून दे. कीथने ऐकलं नाही, म्हणून झाडाचं नावच ‘कीथचा हट्ट’ पडलं. मग जे फूल आलं ते फिकं जांभळं, पुढची ओठासारखी पाकळी गडद वाइनच्या रंगाची, आणि सकाळी जवळ गेलं की दालचिनीसारखा वास. जगात असं झाड तेवढं एकच. कीथ गेल्यावर नोएलाबाईंच्या शेडनेटमध्ये ते उजव्या हाताला पहिलं असायचं. पाहुण्यांनी बोट लावलं तर बोटावर फटका बसायचा.

मर्व्ह, मागून काय म्हणतोयस? ‘मुद्द्यावर ये’? अरे बाबा, मुद्दा कुठला ते मला कळलं असतं तर मी एवढा भटकलो असतो का?

तर सहा वर्षांपूर्वी एका रविवारी नोएलाबाई माझ्या दारात आल्या. हातात कुंडी. म्हणाल्या, “कीथच्या हट्टाचे तुकडे केले. हा मागचा तुकडा तुझ्यासाठी. माझं झाड उद्या गेलं तर कुठेतरी एक असावं. तीन-चार वर्षं फुलाची आशा धरू नकोस. आणि कुणाजवळ बोलू नकोस, फक्त तुला दिलाय.”

आपल्यात ही रीतच आहे. झाड राखायचं तर वाटून टाकावं, म्हणजे आपलं मेलं तर दुसऱ्याकडून परत मागता येतं. वाटायचं ते मागचं, जुने कंद, डोळे झोपलेले. पुढचा तुकडा, ज्याच्यावर नवा कोंब चाललेला असतो, तो माणूस स्वतःकडे ठेवतो. पुढचा तुकडा कुणी सख्ख्या भावालाही देत नाही. मर्व्हच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, त्याने बायकोला, या ग्लेनिसला, अजून एकाही झाडाचा पुढचा तुकडा दिलेला नाही. बरोबर ना ग्लेनिस? बघा, मान हलवतेय.

पण माझ्यासाठी मागचा तुकडाही फार होता. ‘फक्त तुला.’ माझी बायको जून जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात माझ्याशी बोलणारा एक रेडिओ आणि अंगणात येणारा एक कुकाबरा पक्षी. मी ती कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगली आणि त्या दिवसापासून घरातला शर्ट रोज बदलायला लागलो. का, ते मला विचारू नका. मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आणि पुढच्याच मे महिन्यात त्या झाडाला दोन फुलं आली!

मागच्या तुकड्याला, पहिल्याच वर्षी. तुम्हीच सांगा, माणसाच्या डोक्यात हवा जाणार नाही तर काय होईल? मी समजलो, ही माझ्या हाताची करामत. झाडाचं नाव न सांगता मी इथेच, याच माइकवर, ‘मागच्या कंदाला एका वर्षात फूल कसं आणावं’ या विषयावर भाषण ठोकलं. मळी पाण्यात कालवायची, कुजवलेल्या माशांचं पाणी आठवड्यातून एकदा, अंड्यांची टरफलं, कुंडी पूर्वेला. तुम्ही लिहून घेतलंत. मर्व्हने माशांचं पाणी इतकं घातलं की ग्लेनिसने त्याला महिनाभर व्हरांड्यात झोपवलं. तुमच्यापैकी एकाच्याही मागच्या कंदाला फूल आलं नाही. मी म्हणायचो, “हात लागतो रे त्याला, हात.” आणि नोएलाबाई पहिल्या रांगेत बसून चहात बिस्किट बुडवत ऐकत होत्या.

मग ते दोन वर्षांपूर्वीचं वादळ आलं. नोएलाबाईंच्या शेडनेटची जाळी फाटली, त्यावर पंधरवडाभर झड लागली आणि त्यांचा कीथचा हट्ट कुजून गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण आपल्या गावात गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. मी म्हटलं, त्या मागायची वाट बघू. त्यांनी मागितलं नाही. मग मी ठरवलं की यंदाच्या प्रदर्शनात माझी कुंडी गुपचूप टेबलावर ठेवायची. नोएलाबाई येतील, बघतील, आणि... पुढचं काही मी ठरवलं नव्हतं.

मे महिन्यातली ती सकाळ तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मी कुंडी घेऊन आत आलो तर टेबलावर कीथचा हट्ट आधीच हजर! शेजारी दुसरा. मर्व्ह टोपीखाली झाकून तिसरा आणतोय. आयल्सा चौथा. स्पर्धेच्या एकाच गटात एकाच झाडाच्या सात कुंड्या, आणि सातही माणसं एकमेकांकडे चोर पकडल्यासारखी बघतायत! प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, “पण तिने फक्त मला दिलं होतं!” परीक्षकाने चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. आणि नोएलाबाई दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

आयल्साने विचारलं, “अगं, खोटं कशाला सांगितलंस सगळ्यांना?”

त्या म्हणाल्या, “सात जणांकडे आहे म्हटलं असतं तर एकानेही पाणी घातलं नसतं. दुसरा घालतोय असं वाटलं असतं. एकट्याकडेच आहे म्हटलं की माणूस सुट्टीलासुद्धा जात नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, सहा वर्षं मी ज्या दोन शब्दांवर शर्ट बदलत होतो, ते सात दारांत वाटलेले निघाले. मी कुंडी उचलून घरी जायच्या बेतात होतो. तेवढ्यात मर्व्ह चहा घेऊन आला. म्हणाला, “चार वर्षं माझा दगडासारखा बसला होता. तुझ्याला पहिलं फूल कधी?”

मी म्हटलं, “पुढच्याच मेमध्ये. तुला माहीत आहे, मी भाषण दिलं होतं.”

“ते भाषण ह्याच्यावर होतं?” मर्व्हने चहा खाली ठेवला, माझ्या कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल बोटाने उकरली आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “क्लॅरी, गाढवा, चाकूची खूण कुठे आहे बघ. मागच्या टोकाला आहे. आमच्या सगळ्यांच्या पुढच्या टोकाला आहेत. हा मागचा तुकडा नव्हेच. हा पुढचा आहे.”

मी सहा वर्षांत त्या झाडाची कुंडी दोनदा बदलली होती. खूण डोळ्यांसमोर होती. पण कौतुक झालेला माणूस मुळांकडे बघत नाही. माझ्या करामतीचा भोपळा तिथे, चहाच्या टेबलापाशी फुटला. माझा हातबित काही नव्हता. पुढचा तुकडा कुणाच्याही हातात फुललाच असता.

मला त्याचं दुःख नाही. माझा गोंधळ वेगळा आहे. आम्हा सात जणांना वाटून नोएलाबाईंकडे काय उरलं? मागचं, सगळ्यात अशक्त. म्हणून ते पावसात टिकलं नाही. कीथच्या झाडाचा पुढचा तुकडा, जो कुणी भावाला देत नाही, तो या बाईने एका निवृत्त गाडीवानाला दिला, वर मागचा आहे असं खोटं सांगितलं, त्याला माइकवर फुशारक्या मारू दिल्या आणि बिस्किट बुडवत बसली. का?

मे महिन्यापासून मी विचारायला तीनदा गेलो. एकदा आम्ही गोगलगायींवर बोललो. एकदा तिच्या गुडघ्यावर. तिसऱ्यांदा मी नुसताच फाटकापर्यंत जाऊन आलो. मी म्हटलं, घाई काय आहे, माणसं समोरासमोर राहतात. आणि गुरुवारी ती दुकानातली बाई म्हणते, कायमची.

म्हणून अध्यक्षबाई, सभेच्या शिस्तीबाहेर जाऊन मी उत्सवमूर्तींना एक प्रश्न विचारतो. नोएला, तू मला पुढचा तुकडा का दिलास?

...

आयल्सा, तिला माइक दे. नको म्हणतेय. बरं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मीच सांगतो. नोएला म्हणते, “क्लॅरी, तुझ्या हातात आजवर एक झाड जगलेलं नाही. मागचा तुकडा तू महिन्यात मारला असतास.”

हसा, हसा. मर्व्ह, खुर्चीवरून पडशील.

थांबा, ती अजून बोलतेय.

ती म्हणते, “आणि माझं काहीतरी तुझ्या घरी जगावं, असं मला वाटत होतं.”

...

पाणी आहे का जरा? धन्यवाद, साहेब.

आता हे ऐकून माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता. पण आधी तिने मला नालायक म्हटलं, मग हे म्हटलं, आणि दोन्ही एकाच आवाजात. यातलं सत्काराचं कुठलं आणि निरोपाचं कुठलं, ते तुम्ही घरी जाऊन ठरवा. मला एवढंच दिसतंय की सहा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या खिडकीबाहेर टांगलेलं होतं आणि मी त्याला मळी घालत होतो.

रीतीप्रमाणे हे झाड आता परत करायला हवं. मी शुक्रवारी चौकशी केली. होबार्ट टास्मानिया बेटावर, तिथे बाहेरचं झाड सहजासहजी आत घेत नाहीत, किडीची भीती असते. आणि गेलंच तरी थंडीत मरेल. म्हणजे झाडाला तिकडे जाता येत नाही. माणसाला इकडे यायला बंदी आहे का, तेही मी विचारलं. फोनवरच्या मुलाने मला प्रश्न परत सांगायला लावला, मग म्हणाला, नाही.

आपल्या सोसायटीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. प्रदर्शनात झाड ज्याच्या नावावर, त्यानेच ते आपल्या हाताने टेबलावर ठेवायचं. आज आत येतानाच मी पुढच्या मे महिन्यासाठी कीथच्या हट्टाचं नाव दिलंय, आणि मालकाच्या नावापुढे नोएला हॅचर्ड लिहिलंय. मी फक्त राखणदार आहे. नोएला, मी ती कुंडी उचलून इथे आणणार नाही. तुला माझ्या दारात येऊन न्यावी लागेल. मागची खोली मी रंगवतोय. फुलं तीन आठवडे टिकतात. तू त्याहून जास्त राहिलीस तर मी कुणाजवळ बोलणार नाही.

आपण एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, अध्यक्षबाईंनी घंटा वाजवायची ती वाजवली नाही, नगरसेवक साहेबांनी घड्याळ बघितलं पण चोरून बघितलं, ग्लेनिसने चहाबरोबर खायला भोपळ्याचे स्कोन केले, या सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. मानपानात कुणाचं नाव राहिलं असेल, सत्कारात निरोप आणि निरोपात सत्कार मिसळला असेल, तर गोंधळलेल्या माणसाचं बोलणं समजून पोटात घाला. फक्त त्या खोलीबद्दल जे बोललो, त्यात गोंधळ नव्हता.