बेक्वियाहून निघालेले माझे यजमान

मी मधुमती हरीश वालावलकर, वय ६४, व्यवसाय: औषधांच्या दुकानातून निवृत्त, राहणार स्टॅनमोर, लंडन. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, दुभाषी मंजिरी राणे यांच्यामार्फत सांगते की,

हरीश, वय ६७, हे माझे यजमान. बेसिंगस्टोकच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर ते शिडाची बोट चालवायला शिकले व त्यांनी सर्टिफिकेट घेतलं. कॅरिबियनमध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर एकट्याने, एका दिवसात जायचं, हे खूळ त्यांच्या डोक्यात अठरा वर्षं होतं. मी ते हसण्यावारी नेत आले.

दिनांक ११ मार्च रोजी सकाळी ७.१० वाजता ते भाड्याच्या यॉटमधून कॅरिबियनमधल्या बेक्विया बेटावरून युनियन बेटाकडे निघाले. मला बोट लागते, म्हणून दोघांचं सामान घेऊन मी मोठ्या फेरीबोटीने जावं असं ठरलं. मी विचारलं, "अहो, टोपी घातलीत का?" ते म्हणाले, "घातली गं. जस्ट सात तासांचं सेलिंग आहे. तू आधी पोचलीस तर चहा सांगून ठेव."

साडेदहाच्या सुमारास फेरीबोट त्यांच्या यॉटजवळून गेली. वारा चांगला होता. त्यांनी उभं राहून हात केला. मी पिशवीत तोंड घालून ओकत होते, त्यामुळे मला परत हात करता आला नाही. हे कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून घ्यावं.

युनियनच्या धक्क्यावर २ वाजता मी दोन चहा सांगितले. त्यांचा गार झाल्यावर तोही मीच प्यायले. ५ वाजता तिथल्या कोस्टगार्डला कळवलं. तिसऱ्या दिवशी यॉट सापडली. शीड वर होतं, आत कोणी नव्हतं. लाइफजॅकेटही नव्हतं. म्हणजे ते त्यांच्या अंगावर आहे, असं मी धरून चालले आहे.

आज सात आठवडे झाले. मुलगी तनिषा म्हणते, "आई, बाबा नाही येणार. तू असं वेट नको करू." तिचं चुकत नसेल. पण मला ते घरी हवे आहेत. भात अजून दोघांचा होतो, आणि भांडायला कोणी नाही.

वरील मजकूर मंजिरीबाईंनी मला मराठीतून वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे, काही गाळलेलं नाही. डीएनएसाठी मागितलेला त्यांचा टूथब्रश मी आणलेला नाही. तनिषाच्या गालाचा नमुना घ्यावा. ब्रश त्यांना लागेल.

सही: मधुमती ह. वालावलकर