पाच नंबरचा वाफा

— बूट काढा आधी, मॅडम. मोजे राहू देत, मोज्यांचं काही नाही, पण बुटांनी काचेवर चरे पडतात, आणि मग लोक खाली बघायचं सोडून मलाच विचारतात, मावशी, हा लांबट मासा कुठला? तो चरा असतो. हां, इथं मधोमध बसा, फळी धरून. फाइल मांडीवर घट्ट धरा, वाऱ्याला फायली फार आवडतात. भेटीची वेळ दहाची होती ना, सूनबाईंशी? आणि तुम्ही सातला धक्क्यावर हजर. असू दे, असू दे, मी कोण विचारणारी. पण एक सांगते, न सांगता येणारे पाहुणे दोनच जातीचे — एक मायेनं येतात, एक संशयानं. तुम्ही मायेनं आलात असं चेहऱ्यावरून वाटत नाही. हसलात? बरं झालं, मला वाटलं निधीवाल्यांना हसायला वरून मंजुरी लागते.

आता खाली बघा. ते तपकिरी, फांद्याफांद्यांचं दिसतंय ना — तुमच्या कागदावर प्रवाळ लिहिलंय ते हेच. आम्ही बाग म्हणतो. माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं ही काचेच्या तळाची बोट चालवली, त्यांची कंबर गेली तशी मी सुकाणू धरलं, आणि मग घरात सून आली — समुद्राचं शिकलेली. आली त्याच आठवड्यात माझ्या चांगल्या पातेल्यात सिमेंट कालवलं. का, तर वादळात मोडलेले बागेचे तुकडे परत चिकटवायचे होते. मी म्हटलं, अगं, माझा मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी येतो, त्याला जेवायला सिमेंट वाढू का? तर म्हणते, आई, तुकडे जगतात. आणि जगले हो. मी तोंडानं कबूल केलं नाही, पण जगले. तुमचं लग्न झालंय का, मॅडम? नाही ना, म्हणजे सासू नाही, म्हणजे मी सांगते त्यातलं अर्धंच तुम्हाला कळेल. सून बरोबर निघाली हे सासूनं तोंडावर कबूल करायचं नसतं. मनात करायचं आणि पातेलं नवं आणायचं.

मग तिनं बागेचे वाफे पाडले, एक ते बारा. प्रत्येक वाफ्यावर एक तरंगता डबा, डब्यावर नंबर, डब्याला दोर, दोराला खाली दगड — ते बघा, एक नंबर, तो पलीकडचा दोन. आणि मग ती पैशाच्या मागे लागली. म्हणजे कशी मागे लागली म्हणाल, तर दोन वर्षं. निम्मे सरकारनं द्यायचे, निम्मे किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी — बाग राहिली तर लाट बाहेरच फुटते, लाट बाहेर फुटली तर त्यांची वाळू राहते, वाळू राहिली तर गिऱ्हाईक राहतं, हा साधा हिशेब त्यांना पटायला एक वर्ष लागलं. आणि पटल्यावर काय? सरकार म्हणतं, आधी हॉटेलवाल्यांनी सही करावी. हॉटेलवाले म्हणतात, आधी सरकारनं. दोन पाहुणे दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभे, आणि आत जेवण गार होतंय. सूनबाई म्हणाली, मग दोघांचे पैसे तिसऱ्याच एका थैलीत एकदमच पडू देत. ती थैली म्हणजे तुम्ही. आता थैलीच सकाळी सातला बोटीत येऊन बसेल हे तिला कुठं माहीत. झोपली नसेल रात्री, कपडे तीनदा बदलले असतील, तुमच्यासाठी.

बघायला म्हणून किती माणसं आली, विचारू नका. सरकारी साहेब आले ते धक्क्यावरच पिवळे पडले. बोट अजून बांधलेली होती, मॅडम. दोर सोडायच्या आधीच यांना लागली. मी म्हटलं साहेब, समुद्र अजून सुरू व्हायचाय. आणि हॉटेलवाले आले ते सहा जण, सहाच्या सहा जण काळे चष्मे लावून काचेतून बघतात आणि म्हणतात, मावशी, रंग जरा फिके आहेत नाही? मी काय बोलणार. माणसाला काय बघायचंय ते मी ओळखते, एवढंच सांगते. इतकी वर्षं लोकांना बोटीत बसवतेय. कुणाला काय दाखवलं की तो खूश होऊन घरी जातो — ते एक कसब आहे.

काय काढताय? फोटो. बघू. वारा आहे, हाताशी धरा. हा — हा छान आलाय. पाच नंबरचा डबा, खाली बाग, मासेसुद्धा आलेत. हॉटेलवाल्यांचा ना? आणि हा दुसरा — हो. हा सरकारी साहेबांचा, आधीचा. हात हललाय त्यांचा. हो, डबा पाच नंबरचाच आहे. हो, खाली सगळं पांढरं, मेलेलं. बरोबर. मधे तीन आठवडे. आता समुद्र आहे, मॅडम, समुद्र बदलतो, पाणी तापलं की पांढरं पडतं, आणि... नाही, मेलेलं तीन आठवड्यांत जिवंत होत नाही. ते मलाही कळतं. सूनबाईनंच शिकवलंय.

म्हणून सातला आलात होय.

इंजिन बंद करते जरा. आवाजात नीट बोलता येत नाही. काय लिहिणार आहात तुम्ही? — अर्जदारानं खोटे फोटो लावले. अर्जदार म्हणजे ती. हे बघा, ते फोटो तिनं काढलेच नाहीत, ते साहेबांनी आणि हॉटेलवाल्यांनी आपापले काढले आणि आपापल्या फायलीत लावले, दोन्ही फायली तुमच्या टेबलावर पहिल्यांदा एकत्र आल्या — हो, पण डबे तिचे. वाफे तिचे. नंबर तिनं टाकलेले. कळलं मला. तुमचं चुकत नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं, वर दोन ओळी जास्त.

डबा मी हलवला. मी. ऐका आता मधे न बोलता, नाहीतर माझा धीर जाईल. सरकारी साहेबांनी आदल्या दिवशी यादीवर बोट ठेवून सांगितलं, मला पाच नंबर दाखवा. आता पाच नंबर म्हणजे सगळ्यात चांगला वाफा, भरलेला, डोलणारा. मी रात्री पडल्या पडल्या विचार केला, हा माणूस एवढी चांगली बाग बघेल आणि म्हणेल, चांगलं आहे की सगळं, पैसे कशाला? सरकार आजारी माणसाला विचारत नाही, मेल्यावर भरपाई देतं, हे आम्ही आयुष्यभर बघितलंय. म्हणून पहाटे एकटी गेले, पाच नंबरचा डबा दगडासकट ओढून बोटीत घेतला आणि धक्क्याजवळ आणून टाकला — तिथली बाग धक्का बांधला तेव्हाच मेली, ती कुठल्या वाफ्यात नाहीच मुळी. सूनबाई त्या दिवशी कागदांसाठी तालुक्याला गेलेली. साहेबांनी काचेतून दोन मिनिटं पाहिलं, फोटो काढला, म्हणाले, अरेरे, आणि उतरले. मला वाटलं, काय डोकं चालवलंय मी. दुसऱ्या दिवशी डबा परत जागेवर. आणि मग हॉटेलवाल्यांचं पत्र आलं — सरकारनं पाच नंबर पाहिला, आम्हीही तोच पाहू. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, कोण दोन फोटो शेजारी ठेवून बघत बसतंय? तुम्ही बसलात.

खरं नाही वाटत? सुनेला वाचवायला सासू खोटं बोलतेय असं वाटतंय? मी तिच्यासाठी एवढं करीन असं कुणाला वाटलं, तर मला आवडेलच खरं. थांबा. इंजिन सुरू करते, दोन मिनिटांत धक्का. त्या पांढऱ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात बघा — काळं अर्धवर्तुळ दिसतंय? साहेबांचा हात हलला तरी ते आलंय. तो ट्रकचा टायर आहे, बोटी धक्क्याला घासू नयेत म्हणून बांधलेला, मागल्या वादळात तुटून पडला. आता खाली बघा. हळूहळू... हा. हाच तो टायर. हाच दगड, हाच पांढरा ढीग. आणि पाच नंबरचा वाफा इथून अर्धा तास लांब आहे, तुमच्या नकाशात बघा. काढा फोटो. टायरसकट काढा. माझाही काढा हवा तर, मी हसत नाही.

का म्हणजे? सांगितलं की, सरकार मेल्यावर — नाही. तेवढंच नाही. तुम्ही फार शांत बसता हो, मॅडम, शांत माणसासमोर तोंडातून काहीही निघतं. तिला एक पत्र आलंय. मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचं, शिकवायला या म्हणून. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय तिनं, मला दिसू नये म्हणून, आणि त्या कपाटात साड्या रचून ठेवते कोण, तर मी. तिनं त्यांना कळवलंय, इथल्या पैशांचं ठरेपर्यंत थांबा. पैसे आले तर ती राहणार, नाही आले तर जाणार. जाईलच, का जाऊ नये? नवरा समुद्रावर, घरात एक कंबर धरून झोपलेला सासरा आणि एक बडबडी सासू. पण मला ती जायला नको आहे. तिच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. एवढ्यासाठी मी डबा हलवला. बाग वाचावी म्हणून हलवला असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ते खरं नाही. बागेचं नंतर सुचलं.

लिहिताय? लिहा. हळू बोलते. 'डबा मी हलवला, सुनेला माहीत नव्हतं.' तारीख मला आठवत नाही, पण आदल्या दिवशी गॅस संपला होता, घरी पावती असेल. सही इथं? अक्षर वाकडं येईल, बोट हलतेय — बोट हलतेय म्हणूनच, दुसरं काही नाही. आणि ते कारण नका लिहू. कपाटातलं. ते तुम्हाला सांगितलं, कागदाला नाही.

मग आता? ... दोघांना परत बोलवायचं. सरकारला आणि हॉटेलवाल्यांना, एकाच बोटीत, एकाच दिवशी, बाराही वाफे. हे बरं आहे, हे आधीच करायला हवं होतं, एकमेकांसमोर कुणाला 'आधी तुम्ही' म्हणता येणार नाही. साहेबांना लिंबू देऊन ठेवा हातात. आणि... बोट दुसऱ्याची. हो. माझी नको. बरोबर आहे. या कामाला माझी बोट पुन्हा कधीच नको, हेही लिहा, मी ऐकतेय. तीस अधिक नऊ वर्षं झाली या काचेला. असो. पर्यटक आहेत की. त्यांना चरे दाखवीन.

आणि पैसे मिळतील की नाही ते आज सांगत नाही म्हणता. मी विचारतही नाही. मी एवढंच विचारते, तिचं नाव त्या कागदावर खोटेपणात येणार नाही ना? ... नक्की? ... बरं. मग झालं. पैसे आले नाहीत आणि ती गेली, तर जाऊ दे. रडेन मी, खोटं कशाला बोलू, आठवडाभर रडेन. पण ताठ मानेनं जाऊ दे तिला. चोर ठरून त्या विद्यापीठात गेली असती, तर मी या काचेतून पुन्हा खाली बघितलं नसतं.

ती बघा, धक्क्यावर आली. साडेआठलाच. तो हिरवा सदरा घातलाय, म्हणजे तीनदा बदलून पहिल्याच कपड्यावर आली. तुम्हाला माझ्या बोटीत बघून चेहरा कसा झालाय बघा. नाही, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही चांगल्या शब्दांत सांगाल, ऑफिसच्या शब्दांत, आणि तिला ते दोनदा ऐकावं लागेल. मीच सांगते. द्या हात. सांभाळून, पायरी निसरडी आहे. सरळ वर जा, निळ्या दाराचं ऑफिस, कुलूप नसतं. तिची दहाची वेळ होती, ती दहालाच येईल. तोपर्यंत वळून बघू नका, मॅडम. जा तुम्ही.

ये गं. बस. नाही, आत ये, बोटीत बस.