मथुताईंनी मोजलेले दिवस

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एवढंच सांगा. आपली चूक फक्त आपल्यालाच कळली आहे, दुसऱ्या कुणाला पत्ताही नाही — तर तोंड उघडावं की मिटून घ्यावं? पुढचे सगळे खाली बघायला लागले! म्हणजे उत्तर ठाऊक आहे!

तर ऐका. एक मथुताई होत्या. एकादशी कधी, अमावास्या किती वाजता लागते — अख्खी आळी यांनाच विचारायची. मिरवायच्याही तशाच! त्यांची सून सुमेधा. एकदा दिवस राहिले होते, ते गेले. आता पुन्हा राहिले. घरात सगळे जपून बोलत होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" सून तोंड उघडतेय तोवर सासूबाई पुढे! "थांब, मी सांगते! श्रावणातली गोष्ट!" बोटांवर मोजलं आणि तारीख ठोकून दिली! सासूबाईंचा हिशेब, सून कशाला पुन्हा मोजतेय!

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या तारखेनं नऊ आठवडे झाले. ठोका दिसायलाच हवा. नाही दिसत. वाढ थांबलीय. उद्या पिशवी रिकामी करावी लागेल."

सुमेधा रडलीसुद्धा नाही हो! हळूच म्हणाली, "आई, मंगळागौरीच्या दिवशीच नेमकी पाळी आली, पूजेला बसले नाही. म्हणून तर नसेल?"

मथुताईंच्या काळजात धस्स झालं! मंगळागौर? अहो, त्या वर्षी श्रावण दोन! पहिला अधिक, दुसरा निज. अधिकात मंगळागौर पुजतं का कुणी? आणि यांनी तारीख दिली पहिल्या श्रावणातली! महिनाभर आधीची!

आता बोलायचं कसं? तेही सुनेसमोर? खोटं कशाला सांगू, मंडळी — घरी जाऊन बघू, असं आलं त्यांच्या मनात. पण सुनेचा चेहरा बघवेना.

"डॉक्टरीणबाई, मी चुकले! महिना चुकले!"

"म्हणजे पाचच आठवडे?" डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, मग ठोका कुठून दिसणार? बरं झालं बोललात! पंधरा दिवसांनी या."

त्या पंधरवड्यात आत काय चाललं होतं, ठाऊक आहे? ज्वारीच्या दाण्याएवढा जीव. डोळे उघडायचे आहेत, बोटं फुटायची आहेत. त्यात दोन बारीक नळ्या जवळ आल्या, एक झाल्या. ती नळी वाकली, वळली — आणि कुणी हात न लावता एक ठोका! मग दुसरा! कुणी शिकवलं हो तिला?

पंधरा दिवसांनी मशीनमधून आवाज आला — धडधड, धडधड! सुमेधा आता कुठे रडली, पोटभर रडली. मथुताई तिथेच फरशीवर बसल्या. "सुटले गं बाई! माझ्या हातून केवढं पाप होणार होतं!" सून म्हणाली, "आई, उठा. तुम्ही बोललात म्हणून हा आहे."

हसताय काय? तुमच्याही घरात कुणीतरी तुमची चूक स्वतःच्या माथी घेऊन बसलंय. आईच्या पोटात आपल्याला अक्कल यायच्या कितीतरी आधी काळीज आलं, मंडळी! मग 'मी चुकलो' म्हणायला एवढी अक्कल कशाला चालवता? घरी जा, आणि पान वाढायच्या आत सांगून टाका!