किसनरावांनी मोजली नाहीत ती काडतुसं

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, माजी मुख्याध्यापिका प्रियदर्शनीताई, व्यासपीठावरचे वनखात्याचे सन्माननीय अधिकारी, सत्कारमूर्ती वनपाल खुशालराव, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री लीलाबाई आणि तेल्हाऱ्याच्या या उकाड्यातही शांत बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना या अब्दुल गफ्फारचा आदाब आणि नमस्कार.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जुने शिकारी’ असं छापलंय. माझी बायको नसीमबानो म्हणाली, “अठ्ठ्याहत्तर वर्साच्या शिकाऱ्याले आता कोन घाबरते? जा, बोलून या.” पण मीच घाबरलोय. माइक घट्ट धरलाय तो आधारासाठी, असं समजा.

खुशालरावांबद्दल काय सांगू? जंगलाच्या नाक्यावर बत्तीस वर्षं काढलेला, मोजणारा माणूस. बैलगाडीतली लाकडं मोजतील, मोहाची टोपली हातानं तोलून पाहतील. जावई पहिल्यांदा आला, तर त्याचीही डिक्की उघडायला लावली! हसा, तेही हसून राहिले. पण हा माणूस कोणाच्याच शब्दावर विश्वास का ठेवत नाही, असं कधी कोणी विचारलं का? मला ते ठाऊक आहे, अन् आज सांगायचंच असं ठरवून आलोय.

थोडं विषयांतर होईल. ताईंनी घंटी जवळ ओढू नये. हल्ली रोही, म्हणजे नीलगाई, शेतात हरभरा ठेवत नाहीत, म्हणून गावातली पोरं विचारतात, “चाचा, माराची परवानगी भेटली अन् नुसता शिंगवाला नर माराचा नियम केला, तं जमते ना?” शिकार बंद व्हायच्या आधी मी परवान्यावर चितळ मारायचो तेव्हा आम्हालाही हीच अट होती. मादी नाही, कोवळ्या शिंगाचा नाही. शिंग कानाच्या तिप्पट दिसलं तरच बंदूक उचलायची. अट वाईट नव्हती. भरल्या पोटाच्या माद्या वाचायच्या, उगवते नर वाचायचे. पण जो तो सगळ्यांत मोठ्या शिंगावर टपलेला, त्यामुळे चार-पाच वर्षांत कळपात तोलामोलाचा नर उरेना. अन् दुसरं म्हणजे, शिंगाची अट कागदावर सोपी असते. गवतात नसते.

सत्तर सालच्या हिवाळ्यात नाक्यावर वनरक्षक होते किसनराव, खुशालरावांचे वडील. जाताना शिकाऱ्याची काडतुसं मोजून रजिस्टरात लिहायची, येताना पुन्हा मोजायची, अशी पद्धत. माझी पाच लिहिली.

उतारावर कमरेएवढं गवत. त्यातून एक डोकं वर आलं, डोक्यावर तीन फाट्यांचं शिंग. कानाशी ताडून पाहिलं, तिप्पट भरलं. मी बार काढला. जवळ गेलो, तर जनावर खाली पडलेलं अन् शिंग तिथंच उभं! ती मागच्या धावड्याच्या झाडाची वाळकी फांदी होती. पडली होती मादी. पोटात पाडस होतं. ते किती वेळ हलत होतं, हे मला आजही सांगवत नाही.

वर पालापाचोळा ओढला आणि परत आलो. किसनराव म्हणाले, “काय भेटलं, गफ्फारभाई?”

“काईच नाही. बार काढलाच नाही.”

मी भीत भीत थैली पुढे केली. त्यांनी ती परत ढकलली. “तुमचं काय मोजाचं?” अन् रजिस्टरात लिहिलं, पाच नेली, पाच परत.

तिसऱ्या दिवशी गिधाडांनी मादी दाखवून दिली. चौकशीत किसनराव छातीठोक बोलले, “गफ्फार खोटं बोलत नाही.” मग ठपका त्यांच्यावरच आला, की यानंच कोणाला तरी चोरून आत सोडलं. मलाही विचारलं. मी मान खाली घालून “नाही” म्हणालो. त्यांची नोकरी गेली. खुशालराव तेव्हा चार वर्षांचे होते. पुढे शिकार बंद झाली, बंदूक जमा केली, पण तोंड उघडलं नाही. किसनरावांच्या मयतीला खांदा दिला, तेव्हाही नाही.

खुशालरावांच्या बैठकीत वडिलांचा वर्दीतला फोटो नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “चाचा, ज्या वर्दीले डाग लागला, ते भिंतीवर कायले टांगू?” मी चहा अर्धा टाकून उठलो होतो. मला माझीच लाज वाटली.

खुशालराव, डाग वर्दीला नव्हता, माझ्या जिभेला होता. तुमच्या वडिलांची चूक एवढीच, की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. लीलाभाभी, तुम्ही उठू नका, दोनच वाक्यं राहिलीत.

मला इथं बोलावलं, याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. पण जे मी चौपन्न वर्षं पोटात ठेवलं, ते या माय-लेकांनी पोटात घालावं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. हे रिकामं काडतूस टेबलावर ठेवतो. पाच नेली होती, चार आणली होती. हे पाचवं. खुशालराव, आज माझी थैली मोजून घ्या.