मुंबईत काय खाल्लं?

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मुंबई बघायला गेलो, ते ऐकाच. मिरजगावहून आबा, आई आणि मी. दिवसभर राणीचा बाग, गेटवे झालं. समुद्र बघून आबा म्हणाले, "एवढं पानी, आन् तांब्याभर कामाचं न्हाई."

हॉटेलात डोसा खायचा म्हणून सकाळपासून भूक राखून ठेवली होती. बसलो तोच वेटरनं न मागता तीन ग्लास पाणी आणून ठेवलं. गावाकडं एका घागरीसाठी रांग लावणारे आबा दटावून म्हणाले, "थेंब टाकू नका. पाप लागंल."

आम्ही ग्लास रिकामे केले. वेटरनं भरले. परत प्यायलो, त्यानं परत भरले.

आई कळवळली, "अवं, ऱ्हाऊ द्या की आता!"

"ठिवलं तर मोरीत वतंल त्यो!" म्हणत आबांनी तिचाही ग्लास संपवला.

डोसा आला, तेव्हा एक घास उतरेना.

गावी परतल्यावर पारावर सगळ्यांनी विचारलं, "आबा, मुंबईत काय खाल्लं?"

"खायाला सवड कुठं गावली? पानीच सरंना!"

कुणी हसलं नाही. एकजण तेवढा हळहळला, "घागर तरी न्ह्यायची की बरुबर!"