देवमाशाचा दात आणि माझी मूठ

...अहो, मी ‘हो’ म्हटलंच नव्हतं! तुम्हाला सांगतो, म्हटलं ते या डाव्या हाताने. गेल्या वर्षी लकवा मारला, तेव्हापासून हात माझा, पण कारभार त्याचा! जरा हसलो, चिडलो, शिंकलो की लागला आखडायला... बोटं अशी मिटतात की विचारू नका. दवाखान्यात व्यायाम करून घेणारी उनाइसी म्हणते, “काका, स्नायू धडधाकट आहे, मेंदूचा लगाम सुटलाय. सावकाश ताणा, हिसका दिलात की दुप्पट आवळणार. आणि ताणलाच नाहीत ना, तर खरोखरच आखूड होईल, मग बसा!” बसा काय बसा? रोज सकाळी माझी वासिती, एकुलती एक लेक, हात मांडीवर घेते आणि न्याहारीचे कसाव्याचे कंद उकडेपर्यंत गप्पा मारत एकेक बोट उलगडते. आणि हिला मागायला आले कोण? तर कांदावू बेटावरचे! बोटीने अख्खी रात्र! मग माझी बोटं कोण उलगडणार, समुद्र? खरं सांगू, मला तिला पाठवायचंच नव्हतं.

आता आमच्या फिजीत मागणी घालताना देवमाशाचा दात देतात. ठेवून घेतला की मुलगी दिली, परत केला की विषय संपला. मी ठरवलेलंच... घ्यायचा, दोन गोड शब्द बोलायचे, परत करायचा. मुलाचा आजोबा गुडघ्यांवर सरकत आला, दात माझ्या दोन्ही हातांवर ठेवला, आणि मला सुटली धडधड. झालं! डाव्याने गपकन मूठ आवळली. हात माझा, कारभार त्याचा! मी उजव्याने ओढतोय, तो आवळतोय, मी ओढतोय, तो आवळतोय, घाम फुटला हो! म्हातारा गहिवरून म्हणतो, “बघा रे, केवढ्या मायेने धरलाय! सोडवत नाहीये यांना.” लागले सगळे टाळ्या वाजवायला. माझी बायको लिटिया कानाशी येऊन म्हणते, “अहो, नाही म्हणणार होतात ना?” म्हटलं, “मी कुठे काय म्हणतोय!”

नंतर उनाइसीकडे गेलो. तिने हात सावकाश सरळ केला, कोपरापासून पार बोटांपर्यंत. “काका, लांबी झकास राहिलीय, आखूड अजिबात नाही. त्या दिवशीसुद्धा कुणी हळूच उलगडला असता, तर उघडला असता.”

कुणी म्हणजे कोण? घरात हे एकाच माणसाला जमतं. आणि ती तर माझ्या मागेच, हातभर अंतरावर बसली होती... मान खाली आणि हाताची घडी! लग्न पुढच्या महिन्यात आहे, या सगळे.