राक्षसाच्या मिशा

दिग्रसच्या मोटारस्टँडवर, रांगेत मह्या पुढं चित्रं काढनारा मुख्तारभाई अन् आनखी एक जन, दोघं पोरायच्या पुस्तकाची चित्रं पाहून राह्यले होते. मी मान लांब केली.

“मुख्तारभाई, हा राक्षस त मीच! मिशा मह्याच!”

“चिडू नको, हिरासिंग. पहिल्या राक्षसाले पोरं भेत नाही म्हनून छापखान्यानं वापस केला. मंग तुले बाजारात पाह्यलं.”

“चिडतो कायले? पुस्तकात आलो ना मी! मले हरवते कोन?”

“एक म्हातारी. फुकणी घेऊन येते, अन् राक्षस पयते. तिचंच तोंड जमून नाही राह्यलं. उद्या नागपूरले चित्र नाही पोचलं त काम दुसऱ्याले जाते.”

“मी पयतो अशी म्हातारी?”

“हो.”

“रांगेतून निघ! सांजच्या गाडीनं जाय. माही माय आता चुलीपाशीच असन. पन घरात पहिले तू शिर.”